आकडा आधी ओरडायचा

ठोकळेबाई भित्र्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना वाघीण-बिघीण म्हणायला लागाल आणि ते त्यांना अजिबात आवडणार नाही. पाल दिसली की बाई पलंगावर, कुत्रं दिसलं की जवळच्या दुकानात. लिफ्टमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत. रस्ता ओलांडताना शेजारी जो कोणी उभा असेल त्याची बाही धरायच्या. एकदा तर वाहतूक पोलिसाचीच धरली आणि त्याला पलीकडे घेऊन गेल्या. बिचारा आपल्याच चौकात परत यायला सिग्नलची वाट बघत उभा! भाजीवाल्याने डोळ्यांदेखत सडका टोमॅटो पिशवीत टाकला तरी "असू दे, असू दे" म्हणत घरी यायच्या.

आणि ह्याच बाईंच्या नावाने शहरातल्या भल्याभल्या ठेकेदारांना घाम फुटायचा. आता बोला!

काम काय, तर ठोकळे फोडायचं. सरकारी बांधकाम कुठलंही असो, शाळा म्हणा, पूल म्हणा, स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटमधून वीतभराहून जरा लहान असे तीन ठोकळे भरायचे. अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचे. मग तपासणी कचेरीतल्या हिरव्या यंत्राच्या जबड्यात एकेक घालून दाबायचा, दाबत राहायचं, फुटेपर्यंत. फुटताना काटा जिथे असेल तो आकडा. सत्तावन्न टनांच्या पुढे गेला तर काँक्रीट पास. अलीकडेच फुटला तर स्लॅब पाडायचा, मग ठेकेदार कोणाचा का जावई असेना. बाई बावीस वर्षं त्या यंत्रावर होत्या, म्हणून ठोकळेबाई. घरचं नाव काय ते कचेरीत कोणाला आठवतही नव्हतं.

आता ह्या कचेरीची एक पद्धत होती, आणि ती नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ तिच्यावर आहे.

फार पूर्वी आकडा नुसता वहीत लिहायचे. आणि वहीतल्या आकड्यांचं वय एका रात्रीत वाढायचं! संध्याकाळी चाळिशीत असलेला आकडा सकाळी साठीत. तेव्हाचे जे जुने साहेब होते, त्यांचं डोकं सणकलं. त्यांनी वहीवाल्याला हाकललं नाही, भाषण केलं नाही, शपथा घ्यायला लावल्या नाहीत. तीन नियम केले. पहिला, ठोकळ्यावर जागेचं नाव नको. दुसऱ्या इमारतीतल्या नोंदणी खिडकीवर नाव पुसून नुसता नंबर रंगवायचा, नावांची वही कुलपात, म्हणजे फोडणाऱ्याला कळायलाच नको की फोडतोय कोणाचा. दुसरा, आकडा कागदावर जायच्या आधी हवेत गेला पाहिजे. फोडणाऱ्याने दारात यायचं आणि बाहेरच्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा तो ओरडायचा. तिसरा, शिपायाने तो तिथल्या तिथे खडूने काळ्या पाटीवर लिहायचा आणि पाटी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कोणी पुसायची नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही, साहेबानेही नाही.

व्हरांड्यात समोरच जन्मदाखल्याची खिडकी होती. तिथे रोज पन्नास-साठ माणसांची रांग, निम्म्या बायकांच्या कडेवर तान्ही पोरं. ह्या रांगेला काय, आयतीच करमणूक झाली. "त्रेसष्ट!" असा पुकारा झाला की रांगेतून "वा!" उठायचं. "बावन्न!" म्हटलं की "अरेरे, गेला!" काही जण तर दाखला हातात पडला तरी पुढचा ठोकळा फुटेपर्यंत हलायचे नाहीत. आणि साठ जणांनी ऐकलेला आकडा बदलायची कोणाची छाती होणार?

बाई मुलाखतीला आल्या तेव्हा जुन्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला होता. "खोटं बोलता येतं का?"

"भीती वाटते हो," बाई म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या.

"मग उद्यापासून या," साहेब म्हणाले. नंतर त्यांनी शिपायाला सांगितलं, की शूर माणूस रोज कुठून आणायचा बाबा? एखादा मिळतो आणि तोही बदली होऊन जातो. कचेरी अशी पाहिजे की भित्र्यालाही खरं बोलता यावं.

हा शिपाई म्हणजे खडूकाका. बाहीवर कायम पांढरी भुकटी, कानावर खडू. पहिले तीन महिने बाई दारात यायच्या आणि आकडा कुजबुजायच्या. काका म्हणायचे, "बाई, मला ऐकू आलं. रांगेला पण कळू दे की! लोक दाखला सोडून तुमच्या तोंडाकडे बघतायत." असं करता करता एक दिवस आवाज फुटला, आणि काय फुटला! जन्मदाखल्याच्या खिडकीतला कारकून खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्या दिवसापासून त्या उंबरठ्यावर बाईंच्या अंगात कोण संचारायचं देव जाणे. उंबरठा सोडला की परत गोगलगाय.

आता घराकडे वळू. घरी नवरा, आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर सात वर्षांचा, सासू आदल्याच वर्षी गेलेली. नव्या सुनेने दिराला भाऊजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, एवढं माहेरून शिकून आलेलं. मग काय, "भाऊजी, नाक पुसा," "भाऊजी, चड्डी उलटी घातलीत," असा कारभार! शेजारपाजार हसून लोटपोट. भाऊजींनीही लहानपणीच एकदा तापात बाईंना आई अशी हाक मारली होती, आणि शुद्धीवर आल्यावर इतके लाजले की दोन दिवस बोलले नाहीत. त्यांचा अभ्यास बाईंनी घेतला, परीक्षेच्या दिवशी बाहेर बाकावर बसल्या, इंजिनिअर झाले तेव्हा पेढेवाल्यासारख्या दारोदार फिरल्या. आता भाऊजी सत्तावीस वर्षांचे, एका मोठ्या ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर. अजून जेवायला बसले की आधी विचारायचे, "वहिनी, तू जेवलीस का?"

त्या बुधवारी संध्याकाळी विचारलं नाही.

ताटापुढे बसले आणि घास चिवडत राहिले. नवरा कामावरून यायचा होता. बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही. "भाऊजी, काय झालंय? कोणी बोललं का?"

"वहिनी," भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "उद्या तुझ्याकडे एकशे चौदा नंबरचे ठोकळे फुटणार आहेत. ते आमचे आहेत."

बाईंच्या हातातला चमचा खाली पडला. बावीस वर्षांत त्यांना कधी कोणत्या ठोकळ्याचं नाव कळलं नव्हतं. "मला सांगू नका!" त्या दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाल्या. पण कानांवर हात ठेवायला उशीर झाला होता.

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. बाळंतपणाच्या दवाखान्याची इमारत होती ती. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतायच्या दिवशी भाऊजी दुपारी उठून मित्राकडे गेले, क्रिकेटचा सामना बघायला. हो, सामना बघायला! एवढ्याशा गोष्टीसाठी! ते गेल्यावर ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंट कमी केलं, वाळू आणि पाणी वाढवलं. गवंड्याने मात्र रोजच्या सवयीने त्याच मालाचे ठोकळे इमानदारीत भरून ठेवले. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी "काम माझ्यासमोर झालं" ह्या कागदावर डोळे मिटून सही ठोकली. गवंड्याने खरं सांगितलं तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते.

"खोट्या सहीला दोन वर्षं परवाना बंद," भाऊजी म्हणाले. "ठेकेदार हात झटकून मोकळा होईल. सही माझी आहे. नंबर त्यानेच नोंदणी खिडकीवरून काढून दिलाय मला. म्हणाला, टाकीची किल्ली तुझ्या वहिनीकडे असते. पुसट झालेले नंबर गिरवायचा रंगाचा डबाही तिथेच असतो. ठोकळा ठोकळ्यासारखाच दिसतो. पाच मिनिटांचं काम." आणि भाऊजी, सत्तावीस वर्षांचा बाप्या, उष्ट्या हाताने डोळे पुसायला लागले. "मला नाही सांगायचं होतं गं. पण दुसरं कोण आहे मला?"

बाई उठल्या, त्यांचा हात धुतला, लहानपणी धुवायच्या तसा.

सकाळी बाई सर्वांच्या आधी कचेरीत पोचल्या. रस्ता कसा ओलांडला, कोणाची बाही धरली, काही आठवत नव्हतं. टाकीची खोली उघडली. हिरवट पाण्याखाली ठोकळे रांगेने बसलेले, प्रत्येकावर लाल आकडे. एकशे चौदाचे तीन कोपऱ्यात होते. बाईंनी एकेक उचलून टेबलावर ठेवला. आठ-आठ किलोचं वजन, पण आज हाताला जाणवलंही नाही. शेजारी एकशे नऊचे तीन होते, घट्ट, निळसर, दिसायलाच दणकट. जुना हात होता बाईंचा. ठोकळ्यावर बोट वाजवलं की कळायचं. हे साठच्या पुढे जाणार. तेही टेबलावर आले. चिंधी घेतली, रंगाचा डबा उघडला, कुंचला बुडवला.

हो, बुडवला. बाई देवी नव्हत्या. समोर तो सात वर्षांचा, उलट्या चड्डीतला भाऊजी उभा होता, दुसरं काही दिसतच नव्हतं.

चिंधी एकशे नऊवर टेकवली आणि हात थबकला. एकशे नऊ कोणाचे? बाईंना माहीत नव्हतं. कधीच माहीत नसायचं, पद्धतच तशी. कोणाची तरी शाळा असेल, कोणाची पाण्याची टाकी. कोणीतरी इंजिनिअर उन्हात दिवसभर उभा राहून, एकेक घमेलं मोजून, मन लावून ओतून घेतलेला माल. एकशे चौदाला वाचवायचं म्हणजे हे नंबर उलटे करायचे, आणि मग दुपारी पाटीवर त्या बिचाऱ्याच्या नावे तीस-बत्तीस लागणार. त्याचा चांगला स्लॅब पाडणार. त्याचा परवाना जाणार. त्यालाही घरी वहिनी असेल, नाहीतर आई.

"नाही बाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. खोलीत कोणीच नव्हतं.

डबा बंद केला. ठोकळे होते तसे टाकीत सोडले. आता पुढचं काय ते त्यांना पाठ होतं. नियमांच्या पुस्तकात शेवटी एक अर्ज होता, फोडणाऱ्याला ठोकळा कोणाचा ते कळलं तर भरायचा. बावीस वर्षांत तो कोणी भरला नव्हता, कोरा करकरीत होता. बाईंनी तो भरला. आता तो नेऊन साहेबांच्या हातात द्यायचा, बस्स.

पण साहेबांच्या खोलीत जायचं म्हणजे! हे साहेब नवे, तीनच महिने झालेले. कचेरीत त्यांना हो-हो साहेब म्हणायचे, कारण फोन कोणाचाही येवो, हे "हो हो, हो हो" करत उभे राहायचे. खोलीच्या दारावर बाईंनी दोनदा टकटक करायला हात उचलला, दोनदा खाली घेतला. आत गेलो की साहेब म्हणणार, बसा. पाणी देणार. मग म्हणणार, जाऊ द्या ना बाई, घरातलीच गोष्ट आहे. आणि आपण म्हणणार, असू दे, असू दे. बाईंना स्वतःची पक्की ओळख होती.

त्या तशाच मागे फिरल्या. साडेदहा वाजले होते. जन्मदाखल्याची रांग भरलेली, खडूकाका पाटीवर कालच्या आकड्यांखाली आजची तारीख घालून तयार. बाई यंत्राच्या दारात उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. तोंड उघडलं आणि रोजचा आवाज आपोआप बाहेर आला.

"एकशे चौदा! एकशे चौदा नंबर कोणाचा ते मला कळलं आहे! मी हात लावणार नाही!"

खडूकाकांचा खडू हवेतच. बावीस वर्षांत त्या दारातून आकड्याशिवाय दुसरं काही बाहेर आलं नव्हतं.

"लिहू?" काकांनी विचारलं.

"लिहा."

आणि काकांनी लिहिलं, शब्द न् शब्द, टपोऱ्या अक्षरात. झालं! बाण सुटला. आता शुक्रवार संध्याकाळपर्यंत ते पुसायची ताकद कोणाच्या बापात नव्हती, आणि दिवस होता गुरुवार.

काय गोंधळ उडाला म्हणता! रांग मोडून पाटीपुढे आली. "कोणाचा? कोणाचा?" पोरं रडायला लागली, खिडकीतला कारकून दाखले सोडून बाहेर. साहेब धावत आले, एका पायात चप्पल. "बाई, अहो, हे काय! आत येऊन सांगायचं ना!"

"आत आले असते तर सांगता आलं नसतं, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी पाटी वाचली, दोनदा वाचली, कपाळाचा घाम पुसला. मग त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या वाचायला घेतलं. टाकीला दुसरं कुलूप. किल्ली बाईंकडून काढून खडूकाकांकडे. ठोकळे फोडायला रस्ते विभागातला माणूस बोलवायचा. प्रत्येक ओळ वाचली की साहेब करायला लावत होते आणि पुढची वाचत होते. माणूस पाककृती वाचून पहिल्यांदाच स्वयंपाक करतो तसं चाललं होतं, पण एकही पायरी चुकली नाही.

अकराच्या सुमारास ठेकेदार आला. सिमेंटच्या धंद्यातला माणूस आणि पायात पांढरेशुभ्र बूट! कधी साइटवर उतरतच नसणार, दुसरं काय. तो थेट साहेबांच्या खोलीत शिरू लागला, तर साहेबच बाहेर आले आणि पाटीशेजारी जाऊन उभे राहिले. "बोला ना, इथेच बोला."

"इथे? अहो, जरा आत..."

"हो हो, आत बसू की. पण हे पाटीवर आलंय हो," साहेब म्हणाले.

ठेकेदाराने पाटीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. रांग त्याच्या बुटांकडे बघत होती. त्याने बाजूला जाऊन फोन लावला आणि दोन मिनिटांत साहेबांच्या टेबलावरचा फोन खणखणला. दार उघडंच होतं, सगळ्या व्हरांड्याने ऐकलं. "हो हो साहेब. हो हो. होय, कळतंय मला. पण ते पाटीवर आलंय. नाही, पुसता येत नाही. बाहेर साठ माणसं आहेत. साठ. हो हो." मग साहेब बराच वेळ नुसते ऐकत राहिले, आणि फोन ठेवून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा दिवाळं निघता निघता वाचलेल्या माणसासारखा झाला होता. "म्हणाले, पाटीवर आलंय का? मग मी फोन केलाच नव्हता असं समजा!"

रांगेत असा हशा पिकला की बास! पण सगळ्यात जास्त हसले ते साहेबच. जन्मभर ज्यांना नाही म्हणता आलं नव्हतं, त्यांच्या वतीने एक काळी पाटी नाही म्हणत होती. त्यांनी आतून स्वतःची खुर्ची आणली आणि पाटीखाली मांडून बसले.

बारा वाजता रस्ते विभागाचा माणूस आला. गोल, लाजाळू, डांबराशिवाय कशाशी बोलायची सवय नाही. खडूकाकांनी टाकी उघडली, तीन ठोकळे सर्वांसमोर आणले. पहिला यंत्रात बसला. दट्ट्या खाली येऊ लागला. बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून, आणि मनात एकच जप चालला होता, सत्तावन्न, सत्तावन्न, देवा सत्तावन्न. गवंड्याला चुकीचं वाटलं असेल. कुठेतरी चूक असेल. काटा चढताना यंत्र गुणगुणतं, तो सूर बाईंना पाठ होता. वीस. पंचवीस. तीस. आणि फट्ट!

इतक्या लवकर फुटला! बाईंना आकडा ऐकायची गरजच नव्हती. त्या खाली बसल्या.

रस्तेवाला दारात येऊन काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येत नाही!" रांग ओरडली.

"तेहतीस!" रस्तेवाला घसा ताणून ओरडला. दुसरा, एकतीस. तिसरा, चौतीस. ह्या वेळी ना वा, ना अरेरे. पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, हे काँक्रीट आहे की बिस्किट?" पण कोणी हसलं नाही. साहेबांनी नोंदणी खिडकीवरून कुलपातली वही मागवली होती. नंबर बाहेर गेला तो तिथूनच जाणार, म्हणून तिथल्या कारकुनालाही वहीबरोबरच बोलावून घेतलं होतं. वही उघडली आणि साहेबांनी वाचून दाखवलं. बाळंतपणाचा दवाखाना, दुसरा मजला. रांगेतल्या बायकांनी कडेवरची पोरं घट्ट धरली. पहिल्या मजल्यावर खाटा लागल्यासुद्धा होत्या, पुढच्या महिन्यात उद्घाटन होतं.

ठेकेदार कधी निघून गेला ते कोणी पाहिलं नाही. साहेबांनी तिथेच, खुर्चीत बसून, मांडीवर फाइल ठेवून स्लॅब पाडायच्या हुकमावर सही केली. मग त्यांनी बाईंच्या हातातला अर्ज मागून घेतला. सगळे रकाने भरलेले होते, एक सोडून. "कोणाकडून कळलं?"

"बाई, हा राहिला."

बाई जमिनीकडे बघत बसल्या. स्लॅब पडणार, खोट्या सहीचं जे व्हायचं ते होणार, ते आता कोणाच्या हातात नव्हतं. पण ठोकळे बदलायला सांगितलं हा वेगळा गुन्हा. त्याची चौकशी वेगळी, शिक्षा वेगळी. आणि पळून गेलेला ठेकेदार सोडला, तर ते फक्त दोनच माणसांना माहीत होतं.

साहेब मऊ माणूस. खाली वाकून हळूच म्हणाले, "आठवत नाही, असं लिहू का?"

बाईंनी मान वर केली. हो म्हटलं की सुटले. एक हो, तोही हो-हो साहेबांसमोर! तेवढ्यात रांगेच्या अगदी मागून गर्दी बाजूला झाली. अकरा वाजल्यापासून भाऊजी तिथेच उभे होते. कालचाच शर्ट, दाढी वाढलेली. ते सरळ पाटीपाशी आले.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "नंबर मी सांगितला, बदलायलाही मीच सांगितलं. वहिनीने नाही बदलला."

साहेबांनी पेन उचललं. "नातं?"

"आई आहे माझी," भाऊजी म्हणाले. "पण तुमच्या कागदात बसणार नाही. दीर लिहा."

बाईंना हुंदका फुटला. भाऊजी त्यांच्याकडे बघत नव्हते, बघितलं असतं तर दोघंही तिथेच कोसळली असती. साहेबांनी लिहिलं आणि खडूकाकांना खूण केली. पण काका खडू हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांचेही डोळे भरले होते. "साहेब, मला लिहिता येणार नाही. पाटीवर जे जातं ते दारातून ओरडलेलं असतं. बाईंनी ओरडल्याशिवाय मी कधी लिहिलं नाही."

सगळा व्हरांडा बाईंकडे बघायला लागला. बाई भिंतीला धरून उठल्या. दारापर्यंत चार पावलं होती. भाऊजींनी हात पुढे केला, बाईंनी त्यांची बाही धरली, रस्ता ओलांडताना धरतात तशी, आणि उंबरठ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ओढणीने तोंड पुसलं. एक श्वास घेतला.

"मला माझ्या भाऊजींनी सांगितलं!" त्या ओरडल्या, आणि आवाज असा गेला की फाटकापाशी सायकल लावणारा माणूस मागे वळला. "ठोकळे बदलायलाही त्यांनीच सांगितलं! आणि साठ माणसांसमोर आपणहून कबूल करायला तेच आले! काका, तेही लिहा! मोठ्या अक्षरात लिहा, सगळं लिहा!"

काकांनी लिहिलं. पाटी भरली, तेव्हा उरलेलं त्यांनी भिंतीवर लिहिलं.